जलसंजीवनीत साखर कशासाठी?

काही महिन्यांपूर्वी एका तालुक्याच्या गावी भरलेल्या शालेय विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. आठवीतल्या दोन मुलींनी ‘पोटाचे विकार व उपाय’ हा विषय घेतला होता. पुठ्ठ्यावर पचनसंस्थेची रंगवलेली आकृती होती. तिच्या एका बाजूला जलसंजीवनीची पाकिटे आणि जुलाब थांबवणाऱ्या गोळ्यांची पट्टी, तर दुसऱ्या बाजूला इसबगोलाचा पुडा आणि एरंडेलाची बाटली. मांडणी नेटकी होती आणि मुली न अडखळता बोलत होत्या.

मी विचारले, “जलसंजीवनीत साखर कशासाठी घालतात?”

“शक्ती यावी म्हणून, सर.”

“आणि मीठ?”

“जुलाबातून मीठ निघून जातं, ते भरून यायला.”

“मग साखर दुप्पट घातली तर काय होईल?”

एक मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, “शक्ती लवकर येईल.” शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या बाईंनीही मान डोलावली.

मिठाबद्दलचे उत्तर बरोबर होते. साखरेबद्दलची दोन्ही उत्तरे चूक होती, आणि त्यातले दुसरे धोक्याचे होते. पण ही उत्तरे त्या मुलींनी स्वतः शोधलेली नव्हती. पाठ लिहिणारे, तो शिकवणारे, आरोग्यावर व्याख्याने देणारे, अशा आपण सर्वांनी मिळून ती त्यांच्या हाती दिली आहेत. प्रस्तुत लेखात टीका आहे ती आपल्या या शिकवण्यावर. टीकेचा रोख कोणा एका पुस्तकावर किंवा शाळेवर नाही. पोटाच्या विकारांबद्दल आणि त्यांवरच्या औषधांबद्दल बोलण्याची जी पद्धत आपल्या अंगवळणी पडली आहे, तिच्यावर आहे. त्या पद्धतीत आतडे म्हणजे एक नळी असते. नळी तुंबली की मोकळी करणारे औषध घ्यायचे, वाहू लागली की बंद करणारे औषध घ्यायचे. शाळेतली आकृती, औषधाच्या दुकानातले फळकूट आणि ‘पोट साफ’ करून देणाऱ्या जाहिराती हे तिघेही हीच नळी दाखवतात.

नऊ लिटरचा हिशेब

लहान आतडे अन्नरस शोषते व मोठे आतडे पाणी शोषते, अशी विभागणी आपण फळ्यावर लिहून देतो. परीक्षेपुरती ती सोयीची आहे. परंतु तिच्यामुळे पाण्याचे सगळे काम मोठ्या आतड्यातच चालते अशी मुलांची समजूत होते. आकडे पाहिले तर चित्र बरेच वेगळे दिसते.

प्रौढ माणसाच्या लहान आतड्यात रोज साधारण ९ लिटर द्रव येतो. त्यातला सुमारे २ लिटर आपल्या खाण्यापिण्यातून आलेला असतो. उरलेला ७ लिटर शरीर स्वतःच ओतते. लाळ दीड लिटर, जठररस दोन ते अडीच लिटर, स्वादुपिंडाचा रस दीड लिटर, पित्त अर्धा लिटर आणि खुद्द आतड्याचा स्राव सुमारे एक लिटर, असा हा ढोबळ हिशेब आहे. या नऊ लिटरपैकी साडेसात-आठ लिटर लहान आतडेच परत शोषून घेते. मोठ्या आतड्यापर्यंत लिटर-दीड लिटर पोहोचते. त्यातलेही बहुतेक शोषले जाते आणि मळावाटे फक्त १०० ते २०० मिलिलिटर पाणी बाहेर पडते. म्हणजे आतड्यात आलेल्या पाण्यापैकी शेकडा एक-दोन भागच वाया जातो.

हे पाणी शोषले कसे जाते? पाणी ओढून घेणारा पंप शरीरात कोठेही नाही. शरीर क्षारांची ने-आण करते आणि पाणी त्यांच्या मागोमाग जाते. हेच ते परासरण, जे आपण मनुका भिजवून किंवा बटाट्याच्या चकत्या मिठाच्या पाण्यात टाकून दाखवतो. आतड्याच्या अस्तरातील पेशी सोडियम आत घेतात तेव्हा पाणी आत येते. क्लोराइड बाहेर सोडतात तेव्हा पाणी आतड्याच्या पोकळीत जाते. दोन्ही क्रिया सतत चालू असतात. दुसरी महत्त्वाची गोष्ट आतड्याच्या हालचालीची. अन्न व मळ जितका वेळ आत राहील तितका वेळ पाणी शोषायला मिळतो.

अतिसार आणि बद्धकोष्ठता हे या एकाच हिशेबातले दोन बिघाड आहेत. साधारण मळात पाऊण भाग पाणीच असते, त्यामुळे पाण्यात थोडा फरक पडला तरी त्याचे रूप बदलते. मोठे आतडे गरज पडल्यास दिवसाला चार-पाच लिटर पाणी शोषू शकते. लहान आतड्यातून येणारा लोंढा या मर्यादेपलीकडे गेला, किंवा मोठ्या आतड्याचेच काम बिघडले, की जुलाब होतात. उलट मळ फार काळ रेंगाळला की पाणी अधिक शोषले जाऊन तो कडक होतो. या दोन्हींवरची जवळजवळ सर्व औषधे दोनच ठिकाणी काम करतात. ती क्षार-पाण्याची ये-जा बदलतात किंवा आतड्याची हालचाल बदलतात. एवढी एक गोष्ट मनात ठेवली तर औषधांची लांबलचक यादी पाठ करण्याची गरज राहत नाही.

विष आणि किल्ली

पटकीच्या रोग्याचे काय बिघडते, हे बराच काळ नीट कळले नव्हते. आतड्याचे अस्तरच सोलून निघते, असे अनेकांना वाटे. १९५९ साली कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी ‘नेचर’मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. पटकीचे जीवाणू ज्या द्रवात वाढवले तो गाळून जीवाणू पूर्णपणे काढून टाकायचे आणि उरलेला द्रव सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात सोडायचा, असा त्यांचा प्रयोग होता. तो तुकडा पाण्याने टम्म फुगला. जीवाणू नसतानाही रोगाची खूण दिसली, म्हणजे दोष जीवाणूंनी सोडलेल्या विषाचा होता.

हे विष पेशी मारत नाही, हे पुढे स्पष्ट झाले. ते पेशीतील एक संदेश चालू करून ठेवते, त्यामुळे क्लोराइड बाहेर सोडणारी मार्गिका उघडी राहते. क्लोराइडच्या मागे सोडियम आणि त्यांच्या मागे पाणी. तीव्र पटकीत प्रौढ रोगी तासाला लिटरभर पाणी गमावू शकतो. शिवाय साधे मीठ शोषून घेण्याचा पेशींचा नेहमीचा मार्गही या विषाने मंदावतो. म्हणून अशा रोग्याला नुसते मीठ-पाणी पाजून भागत नाही, ते पुरेसे शोषलेच जात नाही.

येथे साखरेचा प्रवेश होतो. रॉबर्ट क्रेन या अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञाने १९६० साली प्राग येथील परिषदेत एक कल्पना मांडली. आतड्याच्या पेशी ग्लुकोज एकटे आत घेत नाहीत, तर सोडियमच्या जोडीने घेतात. यासाठी पेशीपटलात एक वाहक प्रथिन असते. ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडियमचे दोन आयन एकत्र आले म्हणजेच ते त्यांना आत सोडते. आणि पटकीच्या विषाचा या मार्गावर काहीच परिणाम होत नाही. एक दार तुटले असले तरी शेजारचे दार शाबूत आहे, आणि त्याची किल्ली ग्लुकोज आहे.

तेव्हा जलसंजीवनीतली साखर सोडियम आत नेण्यासाठी असते. शक्तीचा मुद्दा मुलांना साध्या गुणाकाराने तपासता येईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ सालच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यात ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. ग्रॅमला ४ किलोकॅलरी धरल्या तर पूर्ण लिटरभर जलसंजीवनीतून ५४ किलोकॅलरी मिळतात. एक पोळी याहून अधिक देते. शक्ती हा हेतू असता तर हे फारच कंजूष औषध ठरले असते.

आता दुप्पट साखरेचा प्रश्न. ग्लुकोज आणि सोडियम यांचे रेणूंच्या संख्येतील प्रमाण वरील सूत्रात बरोबरीचे आहे, प्रत्येकी लिटरला ७५ मिलिमोल. पूर्वीच्या सूत्रात लिटरला २० ग्रॅम ग्लुकोज होते. त्या द्रावणाची परासरणी तीव्रता ३११ होती, ती नव्या सूत्रात २४५ वर आणली. रक्तातील द्रवाची ही तीव्रता २९० च्या आसपास असते. आतड्यातले द्रावण रक्तापेक्षा पातळ असेल तर पाणी आतड्यातून शरीराकडे जाते. फार गोड असेल तर उलटे होते, शरीरातले पाणी आतड्यात ओढले जाते आणि जुलाब वाढतात. म्हणजे त्या मुलीच्या उत्तराप्रमाणे वागणारी आई बाळाला नकळत सौम्य रेचक पाजत असते.

हा धोका कागदावरचा नाही. आपल्या बाजारात फळांच्या स्वादाची, भरपूर साखर घातलेली पेये जलसंजीवनीचे इंग्रजी आद्याक्षरी नाव मिरवत वर्षानुवर्षे औषधाच्या दुकानांतून विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांना ‘ओआरएस’ हे नाव लावण्यास मनाई केली. हे इतकी वर्षे चालू शकले, कारण साखर म्हणजे शक्ती असे आपण घेणाऱ्यालाही शिकवले होते आणि विकणाऱ्यालाही.

शास्त्र बरोबर असले की साधने साधी चालतात, याचे उदाहरण १९७१ सालचे आहे. बांगलादेशाच्या युद्धातले लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले होते. बनगाव येथील छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज यांची पाकिटे करवून घेतली. ते द्रावण पिंपांत कालवून रोग्यांच्या नातेवाइकांच्याच हाताने पाजले. तेथील मृत्यूंचे प्रमाण शेकडा ३० च्या घरात होते, ते ४ च्या खाली आले. त्याआधी १९६८ साली ढाक्यात डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश यांनी रुग्णालयात हा उपचार सिद्ध केला होता. छावणीतल्या चिखलातही तो चालतो, हे महालनबीसांनी दाखवले.

थांबवणारी औषधे

आता प्रदर्शनातल्या त्या गोळ्यांच्या पट्टीकडे वळू. लोपेरामाइड हे औषध अफूतील मॉर्फिनच्या नात्यातले आहे. आतड्याच्या भिंतीत चेतातंतूंचे एक स्वतंत्र जाळे असते. तेथील ग्राहींना चिकटून ते आतड्याची हालचाल मंद करते. मेंदूत शिरू पाहणारे लोपेरामाइड तेथील एक प्रथिन परत बाहेर ढकलते. त्यामुळे नेहमीच्या मात्रेत गुंगी येत नाही आणि चटक लागत नाही. रक्त व ताप नसलेल्या साध्या जुलाबात प्रौढ प्रवाशाला त्याचा उपयोग होतो, हे मान्य केले पाहिजे. पण ते जंतूला मारत नाही, विष काढत नाही आणि गेलेले पाणी परत देत नाही. विषाने पाणी सुटतच असेल तर ते फुगलेल्या आतड्यात साचून राहते. बाहेरून जुलाब थांबलेले दिसतात, पण रक्तातले पाणी घटतच असते. रक्ती आवेत जंतूंना आत कोंडून ठेवणे तर घातकच. दोन वर्षांखालील मुलांना हे औषध वर्ज्य आहे. १९९० च्या सुमारास पाकिस्तानात लहान मुलांना त्याचे थेंब दिल्यावर आतडी लुळी पडून मृत्यू झाले. त्यानंतर ते थेंब बाजारातून काढून घेण्यात आले.

केओलिन व पेक्टिन यांच्या जुन्या मिश्रणाची गोष्ट निराळी आहे. ही पांढरी माती मळाला घट्टपणा देते. पाणी व क्षार जायचे तेवढे जातातच, फक्त डोळ्यांना बरे वाटते. नळीकडे पाहून औषध ठरवले की अशी फसगत होते.

याहून कडू प्रकरण क्लिओक्विनॉलचे. पोट बिघडले की घ्यायची निर्धोक गोळी म्हणून ते अनेक देशांत घराघरांत होते. जपानमध्ये पाय बधिर होणे, चालता न येणे, दृष्टी जाणे अशी लक्षणे हजारो लोकांत दिसू लागली. आधी संसर्गाचा संशय होता. काही रोग्यांच्या जिभेवर व लघवीत हिरवट रंग दिसला. त्या रंगाचा माग काढला तेव्हा तो याच औषधाचा निघाला. १९७० साली जपानने त्याची विक्री थांबवली. रोग्यांची संख्या दहा हजारांच्या घरात गेली होती. बहुतेक वेळा आपोआप बरा होणारा विकार आणि त्यावर आयुष्यभराचे अपंगत्व, असा हा सौदा झाला. जपानबाहेर काही देशांत हे औषध पुढेही विकले जात राहिले.

प्रतिजैविकांचा मोह आजही सुटलेला नाही. लहान मुलांचे बहुतेक पाण्यासारखे जुलाब विषाणूंमुळे होतात, त्यांवर प्रतिजैविकांचा काहीही उपयोग नाही. तीव्र पटकी व रक्ती आव यांत ती जरूर द्यावी लागतात, तीही डॉक्टरांनी ठरवून. तरी एका गोळीत एक औषध जीवाणूंसाठी आणि दुसरे अमीबासाठी, अशी जोडगोळी आपल्याकडे सर्रास दिली जाते. दोन्ही रोग एकाच वेळी असणारा रोगी क्वचितच भेटतो. निदान टाळण्याची ही किंमत प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जीवाणूंच्या रूपाने सर्वांनाच मोजावी लागते.

या यादीत कौतुकास पात्र आहे ते साधे जस्त. मुलाच्या जुलाबात जलसंजीवनीबरोबर १० ते १४ दिवस रोज २० मिलिग्रॅम जस्त द्यावे, सहा महिन्यांखालील बाळाला १० मिलिग्रॅम, असे जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००४ साली सांगितले. त्याने दुखणे लवकर आटोपते आणि पुढील काही महिन्यांत ते उलटण्याचे प्रमाणही घटते.

मोकळे करणारी औषधे

मराठीत ‘जुलाब होणे’ हा रोग आहे आणि ‘जुलाब घेणे’ हा उपचार. आपल्या भाषेने या दोहोंचे नाते आधीच ओळखले आहे. रेचके शरीरात थोड्या प्रमाणात अतिसारच घडवतात. फक्त प्रत्येकाची वाट वेगळी असते.

इसबगोलाचा भुसा पचत नाही, पण पाणी धरून फुगतो. मळाचे आकारमान वाढले की आतड्याला ढकलायला काही तरी मिळते. मिल्क ऑफ मॅग्नेशियातील मॅग्नेशियम फारसे शोषले जात नाही, ते पाणी आतड्यात अडवून ठेवते. लॅक्टुलोज ही शर्करा पचवणारे विकर आपल्याजवळ नाही. ती मोठ्या आतड्यात पोहोचते, तेथील जीवाणू तिची आम्ले करतात आणि पाणी ओढले जाते. ज्यांना दूध पचत नाही त्यांना दुधाने जुलाब होतात, तेही याच कारणाने. दुप्पट साखरेच्या जलसंजीवनीचे वर सांगितलेले भयही याच घराण्यातले.

सोनामुखीची पाने गिळताना निष्क्रिय असतात. मोठ्या आतड्यातले जीवाणू त्यांतील द्रव्यांचे क्रियाशील रूप करतात, म्हणून रात्री घेतलेल्या औषधाचा गुण सकाळी येतो. एरंडेलाचे विघटन मात्र लहान आतड्यात होऊन रिसिनोलिक आम्ल सुटते. ते आतड्याच्या स्नायूंवरील नेमक्या कोणत्या ग्राहीवर काम करते, हे २०१२ साली उलगडले. आपल्या आज्यांचे औषध गुणकारी होते यात शंका नाही. प्रश्न आहे तो महिन्यातून एकदा निरोगी मुलालाही ते पाजण्याचा. जोरदार रेचकाने सगळे मोठे आतडे रिकामे होते. ते पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागतात. त्या काळात शौचाला होत नाही, म्हणून घरचे पुन्हा रेचक देतात आणि चक्र सुरू होते. मुळात रोज एकदा शौचाला झालेच पाहिजे असा निसर्गाचा नियम नाही. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा होत असेल, मळ कडक असेल, कुंथावे लागत असेल, तर त्याला बद्धकोष्ठता म्हणतात. जाहिराती या व्याख्येबाहेरच्या माणसांनाही रोगी बनवतात.

येथे प्रयोगशाळेतल्या एका बाटलीची आठवण काढली पाहिजे. आम्ल-आम्लारीच्या अनुमापनात आपण थेंबभर फिनॉल्फ्थॅलीन टाकतो. विसाव्या शतकाच्या आरंभी हंगेरीत वाइनमधील भेसळ ओळखण्यासाठी ते वापरण्याचा विचार झाला, तेव्हा त्याचा रेचक गुण लक्षात आला. पुढे कित्येक दशके ते जगभर रेचक म्हणून विकले गेले. प्राण्यांवरील प्रयोगांत ते कर्करोगास कारण ठरू शकते असे दिसल्यावर १९९९ साली अमेरिकेने त्याची अशी विक्री बंद केली. ‘सौम्य’, ‘नेहमी घेण्याजोगे’ ही विशेषणे ऐकल्यावर विद्यार्थ्यांना या बाटलीची गोष्ट सांगावी.

एकच मार्गिका, दोन्ही औषधे

आतड्याला नळी समजणे किती अपुरे आहे, हे अलीकडच्या दोन औषधांनी दाखवून दिले आहे. ई. कोलाय जीवाणूंच्या काही जाती एक छोटे, उष्णतेला दाद न देणारे विष सोडतात. ते पेशीवरील एका ग्राहीला चिकटते, क्लोराइडची मार्गिका उघडते आणि प्रवाशांना होणारे जुलाब सुरू होतात. लिनाक्लोटाइड हे दीर्घकालीन बद्धकोष्ठतेवरचे औषध याच ग्राहीला चिकटते. जीवाणूने ज्या मार्गाने माणसाला आजारी पाडले, तोच मार्ग रसायनशास्त्रज्ञांनी मोजून-मापून उपचारासाठी वापरला. उलट क्रोफेलेमर हे दक्षिण अमेरिकेतील एका झाडाच्या लाल चिकापासून मिळवलेले औषध क्लोराइडच्या मार्गिका बंद करते. ते एचआयव्हीबाधितांच्या जुलाबावर दिले जाते. अमेरिकेत दोन्ही औषधांना मान्यता मिळाली ती २०१२ याच वर्षी. बद्धकोष्ठता आणि अतिसार हे दोन वेगळे धडे नाहीत, याचा आणखी पुरावा काय हवा?

माहिती आहे, मागणी नाही

हे सर्व शाळेत कशाला, असे कोणी विचारील. उत्तर आकड्यांत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार अतिसाराने पाच वर्षांखालील चार लाखांहून अधिक मुले दरवर्षी मरतात. आपल्या देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, जुलाब झालेल्या मुलांपैकी सुमारे ६१ टक्के मुलांनाच जलसंजीवनी मिळाली होती आणि जस्त तर ३० टक्क्यांच्या आसपास.

असे का होते याचा शोध घेणारा एक अभ्यास २०२४ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. कर्नाटक व बिहारमधील २५३ शहरांत दोन हजारांहून अधिक उपचार करणाऱ्यांकडे, जुलाब होत असलेल्या मुलाचे पालक असल्याचे भासवून प्रशिक्षित माणसे पाठवली गेली. दुकानात माल नसणे आणि दुसऱ्या औषधात नफा अधिक असणे ही दोन्ही कारणे किरकोळ निघाली. मोठे कारण हे होते की रोग्याला जलसंजीवनी नकोच असते, अशी उपचार करणाऱ्यांची समजूत होती. दिली नाही याचा सुमारे ४२ टक्के वाटा एकट्या या समजुतीचा होता. जेथे पालकाने आपणहून जलसंजीवनीची इच्छा दाखवली, तेथे ती सुचवण्याचे प्रमाण २७ टक्क्यांच्या फरकाने वाढले.

या निष्कर्षाचा शिक्षकांशी थेट संबंध आहे. दवाखान्यात जाणारी आई काही वर्षांपूर्वी आपल्या वर्गात बसलेली असते. जलसंजीवनी म्हणजे शक्तीचे गोड पाणी, एवढेच तिने ऐकले असेल तर जुलाब थांबवणारी गोळी आणि रंगीत पेय तिला अधिक भारी औषध वाटणारच. ते पाणी कोणते दार उघडते हे तिला कळले असेल तर ती ते मागून घेईल.

म्हणून सूचना साध्या आहेत. पचनसंस्थेच्या पाठात नऊ लिटरचा हिशेब मांडावा. परासरणाच्या प्रयोगाला आतड्याशी जोडावे. जलसंजीवनीची कृती पाठ करून घेण्यापूर्वी तिचे कारण सांगावे. घरी करायची तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. घरच्या साखरेच्या रेणूत अर्धा भाग ग्लुकोजचा असतो, म्हणून ती पाकिटातल्या ग्लुकोजच्या जवळपास दुप्पट लागते. हेही नववी-दहावीच्या मुलांना स्वतः काढता येईल. चमचे सपाटच का, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

त्याबरोबर धोक्याच्या खुणाही फळ्यावर लिहाव्यात. दहा किलो वजनाच्या बाळाच्या अंगातून लिटरभर पाणी गेले तर त्याचा जीव धोक्यात येतो. मूल मलूल पडले, डोळे खोल गेले, चिमटीत धरलेली कातडी सावकाश मागे गेली, लघवी होईनाशी झाली, पाणी पिता येईना, किंवा मळात रक्त दिसले, तर जलसंजीवनी पाजत पाजतच दवाखाना गाठायचा.

आणि परीक्षेत एक प्रश्न जरूर घालावा: जलसंजीवनीत साखर दुप्पट घातली तर काय होईल? सकारण उत्तर लिहा. गुण दोनच ठेवले तरी चालतील.